अल्बममध्ये दहा तऱ्हेची गाणी असली म्हणून बिघडलं कुठे?

आवडत्या रॉक बँडचा नवा अल्बम येतो. एक गाणं झोडपून काढणाऱ्या गिटारचं, दुसरं नुसत्या पियानोवरचं, तिसऱ्यात नाचायचा ठेका, चौथ्यात लोकगीताची चाल. चाहत्यांची पहिली प्रतिक्रिया मग ठरलेली असते: बँड भरकटला. प्रत्येक गाणं वेगळ्याच बँडचं वाटतं, जुना आवाज राहिला नाही, यांना सगळ्यांनाच खूश करायचंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली रॉक ऐकणारी मंडळीही हीच तक्रार करतात तेव्हा नवल वाटतं. एका बैठकीत दहा तऱ्हा पचवायची सवय आपल्या किनारपट्टीला आहे तेवढी फार थोड्या मुलखांना असेल.

गाण्यांच्या तऱ्हा किती, यावरून अल्बम एकजीव आहे की विस्कटलेला, हे ठरत नाही. तऱ्हा बदलत असताना काय जागचं हललं नाही, त्यावर ते ठरतं. ते न हललेलं ऐकायचं तर गायक आणि गिटार थोडा वेळ बाजूला ठेवून खाली बास गिटार आणि ड्रमकडे कान लावावा लागतो. बहुतेक तक्रारी तिथवर पोचतच नाहीत.

दशावतार या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा संच बघा. पायपेटी, मृदंग आणि झांज, संपलं. आड दशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, गणपती येतो, भटजी येतो, सरस्वती येते, संकासुर धुमाकूळ घालून जातो. मग आख्यान लागतं आणि उजाडेपर्यंत युद्ध, शृंगार, थट्टा, विलाप असं सगळं त्याच तीन वाद्यांवर चालतं. संवाद लिहिलेले नसतात, नट ऐनवेळी बोलतात. संकासुराची मस्करी आणि आख्यानातला पुत्रशोक यांच्यात भावाचं अंतर कुठल्याही रॉक अल्बममधल्या दोन गाण्यांपेक्षा जास्तच असतं. तरी कंपनी भरकटली असं म्हणत कोणी उठून जात नाही, कारण थाप तीच असते आणि गाणाऱ्या हरदासाचा सूरही तोच.

डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, उदाहरण याहून नेमकं आहे, कारण तिथे ही तक्रार झालेलीच आहे. रूपावली, अभंग, गौळण, गजर या क्रमात बुवा चाली बदलत जातो. त्यात सिनेमाच्या गाण्याची चाल घुसली की जुनेजाणते नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं कधी बरोबर असतं, कधी चूक. सिनेमाची चाल घेऊनही मृदंगमणीची, म्हणजे मृदंग वाजवणाऱ्याची, लग्गी (ठेक्यातली जलद वाजवणी) भजनाचीच राहिली आणि मागे झील धरणाऱ्यांनी शब्द भजनाच्याच पद्धतीने उचलला, तर चाल उसनी असूनही बारी बुवाचीच राहते. पण चालीबरोबर सिनेमाचा ऱ्हिदमही पॅडवरून जसाच्या तसा आणला की ती बारी ऑर्केस्ट्रा होते. चाल दोन्हीकडे एकच, फरक पडला तो बुडात, म्हणजे खालच्या थरात. बांद्यापलीकडे गोव्यात संथ मांडो संपता संपता द्रुत दुलपद सुरू होतं, तिथेही गळे आणि साथ बदलत नाहीत.

ही फूटपट्टी रॉकच्या गाजलेल्या ‘पसरट’ अल्बमना लावून बघू.

लेड झेपलिनचा ‘फिजिकल ग्राफिटी’ फेब्रुवारी १९७५मध्ये आला. दोन तबकड्या, १५ गाणी. त्यातली आठच नवी होती, उरलेली सात आधीच्या तीन अल्बमांच्या वेळची शिल्लक. म्हणजे कागदावर हा अल्बम म्हणजे उरल्यासुरल्याचं गाठोडं व्हायला हवा होता. ब्लूज आहे, एकट्या अकूस्टिक गिटारचा छोटा तुकडा आहे, फंककडे झुकणारं गाणं आहे आणि ‘काश्मीर’सारखी साडेआठ मिनिटांची चीजही आहे. तरी तो सलग ऐकता येतो, कारण जॉन बॉनमचा ड्रम. त्याच्या पायाखालचा बास ड्रम आणि किंचित मागे रेलून पडणारा स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) यांची जवळजवळ सगळ्या गाण्यांवर एकच सही आहे. ‘काश्मीर’मध्ये गिटारचा तुकडा तीन-तीन मात्रांचा फिरतो आणि ड्रम चार-चारचा सरळ चालतो. दोघं बारा मात्रांनी एकत्र येतात. आपल्याकडच्या श्रोत्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही, समेची वाट बघायची त्याला सवय असते. वरची सुरावट कितीही परमुलखातली असो, समेवर आणणारा माणूस तोच आहे हे कळलं की कान निर्धास्त होतो.

‘द क्लॅश’ या बँडचे लागोपाठचे दोन अल्बम शेजारी ठेवले तर मुद्दा आणखी उघड होतो. डिसेंबर १९७९चा ‘लंडन कॉलिंग’ १९ गाण्यांचा. पंक, रेगे, स्का, रॉकबिली, जॅझचा वास असलेलं काहीतरी, असं सगळं त्यात आहे. टॉपर हेडन हा असा ड्रमर होता की पंकच्या पिढीत असूनही त्याला जॅझ आणि सोल वाजवता यायचं, आणि पॉल सायमननचा बास रेगेत मुरलेला. त्यामुळे तऱ्हा बदलली तरी जोडी बदलत नाही. पुढच्याच डिसेंबरात, १९८० साली, ‘सॅन्डिनिस्टा!’ आला: तीन तबकड्या, दर बाजूला सहा, एकूण ३६ गाणी. रेकॉर्डिंग न्यूयॉर्क, जमैका, लंडन असं फिरत झालं. सायमनन सिनेमाच्या कामात अडकल्यामुळे काही गाण्यांवर बास दुसऱ्याने, नॉर्मन वॉट-रॉय याने, वाजवला. वॉट-रॉय वादक म्हणून सायमननहून तयारीचा होता, आणि त्याने वाजवलेलं ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ त्या अल्बममधलं सगळ्यात जिवंत गाणं आहे असं म्हणायला मी तयार आहे. तरी अख्खा अल्बम सुटासुटा होतो. खोली बदलली, बास बदलला, शेवटच्या बाजूंना आधीच्याच गाण्यांची फिरवाफिरवी आली. तिथे ‘भरकटला’ हा शब्द चालतो. पण तो रेगे आणि रॅपमुळे चालत नाही, या कारणांमुळे चालतो.

बुड म्हणजे नेहमी ड्रमच असं मात्र समजू नये. क्वीनचा १९७५चा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ बारा गाण्यांचा. चौघांपैकी प्रत्येकाने त्यात किमान एक गाणं लिहिलेलं आहे, आणि एकेकाची आवड दुसऱ्यापासून कोसभर दूर. जुन्या रंगभूमीच्या धाटणीचं गाणं, अंतराळप्रवासावरचं लोकगीतासारखं गाणं, जळजळीत शिव्याशापांचं गाणं आणि ५ मिनिटं ५५ सेकंदांची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. तिथे सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. बँडमधल्या मर्क्युरी, मे आणि टेलर यांनी एकावर एक रचलेले गळ्यांचे थर ही एक. दुसरी म्हणजे ब्रायन मेने वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार. तिच्या आवाजाची दुसरी गिटार त्या काळी बाजारात नव्हतीच. (फ्रेडी मर्क्युरीची शाळा पाचगणीची. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की पुढचंच गाव. कोकणाने त्याच्यावर तेवढाच काय तो हक्क सांगावा.)

बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनाचा अल्बम, नोव्हेंबर १९६८चा, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड खटला. ३० गाणी, सुमारे ९३ मिनिटं. ऑगस्टमध्ये ड्रमर रिंगो स्टार चिडून काही दिवस बँड सोडून गेला होता, त्यामुळे पहिल्या दोन गाण्यांवर ड्रमला मॅकार्टनी बसला. म्हणजे बुड सुरुवातीलाच हललेलं. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं मत होतं की निवडक गाण्यांची एकच तबकडी करावी. ते मत चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पण तीसही गाणी ठेवायचीच ठरल्यावर त्यांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. लेनन, मॅकार्टनी आणि मार्टिन यांनी १६ ऑक्टोबरला बसून सलग चोवीस तास फक्त क्रम लावला. बँडमधल्याच हॅरिसनची चार गाणी चार बाजूंना एकेक वाटली. प्राण्यांची नावं असलेली तीन गाणी लागोपाठ ठेवली. पहिल्या गाण्यातल्या विमानाच्या आवाजातूनच दुसरं गाणं उगवतं. आणि तिसऱ्या बाजूला ‘हेल्टर स्केल्टर’ हे सगळ्यात कर्कश गाणं संपलं की लगेच ‘लाँग, लाँग, लाँग’ हे अगदी पुटपुटल्यासारखं गाणं. त्या पुटपुटण्याला जो अर्थ येतो तो आधीच्या गोंगाटामुळे येतो. या अल्बमला बांधणारी वस्तू म्हणजे हा क्रम. तो मोडला की मार्टिन यांची बाजू बळकट होते.

आपल्या देशातलं एक उदाहरण पुरे: दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा २०००चा ‘कांदिसा’. सातच गाणी. शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवरचं, एक नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकगीतावरचं, एक भोजपुरी वळणाचं चळवळीचं गाणं. भाषा आणि प्रांत यांचा एवढा पसारा, पण तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती, राहुल राम यांचा बास आणि अमित किलम यांचे ड्रम यांची वीण सातही गाण्यांत तीच आहे. ज्यांना ‘विविध’ अल्बम म्हणजे विदेशी लाड वाटतात त्यांनी हा लावून फक्त खालचा थर ऐकावा.

आता विरुद्ध बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. आज पुष्कळ अल्बम खरोखरच हिशेबाने विविध केलेले असतात. एक गाणं नाचाच्या यादीसाठी, एक विरहाच्या, एक भक्तीच्या, एक पंधरा सेकंदांच्या रीलसाठी. स्ट्रीमिंगवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक वाजणं धरतात, म्हणून सुरुवातीचं वाद्यवादन कापून थेट धृपदावर उडी मारायची. असा अल्बम कानाने ओळखता येतो. प्रत्येक गाण्याचा निर्माता वेगळा असतो, त्यामुळे स्नेअरचा आवाज दर गाण्याला बदलतो. गायकाच्या गळ्याभोवतीचा घुमारा एका गाण्यात देवळातला आणि पुढच्यात न्हाणीतला. बास कधी माणसाने वाजवलेला, कधी संगणकाने. आणि मुख्य म्हणजे कुठल्याही दोन गाण्यांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. गण शेवटी आणि गवळण आधी घेतली तर नमन या कोकणी लोकनाट्याचा खेळ उभाच राहणार नाही. ज्या अल्बममध्ये अशी एकही जागा नाही तो अल्बम नसून गाण्यांची यादी आहे, आणि त्याला तसं म्हणायला चाहत्यांनी कचरू नये. माझा आक्षेप फक्त इतकाच, की हे तपासल्याशिवाय, तिसऱ्याच गाण्याला सतार ऐकू आली म्हणून निकाल देऊ नये.

शिवाय निकाल देणाऱ्याने तो अल्बम ऐकला कसा, हाही प्रश्न आहे. विविध अल्बमची सगळ्यात जास्त नासाडी श्रोत्याच्या फोनमध्ये होते. स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२१मध्ये अल्बमच्या पानावरचं मोठं शफलचं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायचं, बटण काढलं, गायिका अडेलच्या मागणीवरून. शफल अजूनही आहेच, लोक ते चालूही ठेवतात. त्यात नुसता क्रम जात नाही, आवाजाची पातळीही बिघडते. हे ॲप सगळं संगीत साधारण उणे १४ लफ्स (आवाजाचा जोर मोजायचं एकक) या पातळीला आणून वाजवतं. अल्बम क्रमाने लावला तर अख्ख्या अल्बमला मिळून एकच फेरफार होतो, म्हणून हळू गाणं हळूच राहतं. शफल केलं किंवा गाणी प्लेलिस्टमध्ये टाकली की प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं. पुटपुटणारं गाणं वर खेचलं जातं, गर्जणारं खाली दाबलं जातं, दोन्ही एका उंचीला येतात. मग ‘सगळं सपाट वाटलं’ ही तक्रार. सेटिंग्जमध्ये गाण्यांचे सांधे एकमेकांत मिसळायचा पर्याय असतो, बारा सेकंदांपर्यंत. तो शून्यावर ठेवावा, नाहीतर बँडने मोजून ठेवलेली शांतता आपलं ॲप खाऊन टाकतं.

कोकणात आणखी एक अडचण. दर्जा ‘आपोआप’वर ठेवलेला असला की नेटवर्क पडल्याबरोबर ॲप खालच्या दर्जावर उतरतं, सगळ्यात खालचा २४ केबीपीएसचा. घाटात, खाडीकाठच्या वाड्यांत आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यांत हे सतत होतं. उक्षी आणि भोके यांच्यामधला कारबुडेचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. खालच्या दर्जात आधी मरतात ती झांज, सिंबल आणि खोलीचा घुमारा. सिंबलचा ‘छन्’ जाऊन पाण्यासारखी ‘सुळसुळ’ उरते. गाण्यागाण्यांतला पोताचा फरक नेमका याच थरात असतो, म्हणून मुंबईहून गाडीत बसायच्या आधी अल्बम वरच्या दर्जात डाउनलोड करून घ्यावा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर बास जवळजवळ नसतोच. शंभर-सव्वाशे रुपयांचे वायरचे इअरफोनही त्यापेक्षा बरे. ज्याने बास ऐकलाच नाही त्याला अल्बमचं बुड कुठे आहे हे कसं कळणार?

हे सगळं इथल्या तरुण बँडना जास्त लागू आहे. मालवणी शब्द, गिटार, पखवाज, मधूनच रॅप असा मसाला जमवून अल्बम करायची हौस आता बऱ्याच जणांना आहे, आणि ती असावी. तो फसतो तेव्हा खापर ‘मिश्रणा’वर फुटतं. प्रत्यक्षात तो फसतो काही अगदी साध्या, कामाच्या चुकांमुळे.

पहिली चूक हंगामाची. एक गाणं मार्चमध्ये, दोन जुलैत, एक गणपतीनंतर असं रेकॉर्डिंग केलं की वाद्यंच वेगळी होतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवते. लाकूड फुगतं, वरची फळी किंचित वर येते, तारा फ्रेटपासून, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, उंच जातात, आणि खाली जुळलेली गिटार बाराव्या फ्रेटला चढी बोलते. साध्या पोलादी तारा खाऱ्या हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत गंजतात आणि त्यांची चमक जाते. पखवाज-तबल्याची पानं ओल शोषून जड आणि ढिली होतात, सूर उतरतो. गट्टे ठोकून किंवा बल्बजवळ धरून तो चढवता येतो, पण चढवलेल्या ओल्या पानाचा नाद कोरड्या पानासारखा उघडा येत नाही. पखवाजाच्या डाव्या पानाला लावायची कणीकही दमट हवेत हळू वाळते, त्यामुळे बैठकीच्या सुरुवातीचा ‘घुम’ आणि तासाभरानंतरचा ‘घुम’ यांचं नातं उन्हाळ्यातल्यासारखं राहत नाही. उपाय एकच: सगळ्या गाण्यांचे ड्रम, बास आणि पखवाज फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, सलग तीन-चार दिवसांत, एकाच खोलीत घ्यायचे. माइकच्या जागांवर जमिनीला चिकटपट्टीच्या खुणा करायच्या आणि फोटो काढून ठेवायचे. गायन आणि वरची वाद्यं नंतर कधीही घ्या, फारसं बिघडत नाही. कौलारू घरात घेणार असाल तर पावसाळ्याचा विचारच सोडा, कौलांवरची सर प्रत्येक माइकमध्ये उतरते.

दुसरी चूक सुराची. बुवाची पेटी आणि गिटार एकत्र आणताना सगळे पेटीला गिटारशी जुळवायला बघतात. पेटीचे सूर तिथल्या तिथे हलत नाहीत, आणि खाऱ्या हवेत तिच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर बसून ती मूळ जागेवरून सरकलेली असू शकते. आधी ट्यूनरवर पेटीचा ए, म्हणजे पांढरी सहाचा सूर, मोजा. तो ४४० ऐवजी ४४२ निघाला तर ट्यूनर ४४२ला बसवून गिटार, बास सगळं त्यावर जुळवा. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गात असेल तर गिटारवाला चौथ्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए-च्या आकारात वाजवू शकतो. खरी पंचाईत बासवाल्याची असते. चार तारांच्या बासवर काळी एकचा षड्ज ए-तारेच्या चौथ्या फ्रेटला मिळतो, त्याच्या खालचा सप्तक नाहीच. भजनी ठेक्याखाली तो बास हलका पडतो आणि पुढच्या ई-मधल्या रॉक गाण्यात एकदम जड होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बँडच बदलला. पाच तारांचा बास भाड्याने आणला तर खालच्या बी-तारेच्या दुसऱ्या फ्रेटला तोच षड्ज एक सप्तक खाली मिळतो आणि दोन्ही गाण्यांचं वजन सारखं राहतं.

पखवाज आणि ड्रमसेट एकत्र वाजवताना दोघांचा खालचा आवाज एकाच पट्टीत, साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान, येऊन आदळतो. दोघांनाही जागा द्यायला गेलं की नुसता गुबगुबाट होतो. त्या गाण्यापुरता कोणीतरी माघार घ्यायला हवी. मला विचाराल तर पायाचा ड्रम बंद ठेवावा, सेटवरची हाय-हॅट (सिंबलची जोडी) आणि स्नेअर चालू ठेवावी आणि खालची गादी पखवाजाला सोडावी. ड्रमर रुसतो हे खरं. पण हाय-हॅट तीच, तोच हात, त्यामुळे गाणं भजनाकडे झुकलं तरी बँडचं राहतं. झांज गायकासमोर वाजवू नये, तिचा कडकडाट गायकाच्या ‘स’ आणि ‘श’वर बसतो आणि मग कुठल्याही यंत्राने वेगळा काढता येत नाही. झांजेचा माइक किमान हातभर लांब, आणि झांजवाला गायकाच्या पाठीशी.

गजर चढत जातो हे सगळ्यांना माहीत असून मेट्रोनोमच्या (लय मोजणाऱ्या यंत्राच्या) एकाच वेगावर गजर वाजवणारे बँड आहेत. त्याने गजराचा जीवच जातो. क्लिक हवी असेल तर ती चढती करून घ्यावी, समजा मिनिटाला ९६ ठोक्यांपासून १३२पर्यंत, दर आवर्तनाला थोडी थोडी. पुढे कापाकापी करता येते आणि चढही राहतो.

मिक्सिंग सगळ्या गाण्यांचं एकाच माणसाने करावं, पैसे कमी असले तर त्यातल्या त्यात साध्या माणसाने करावं, पण एकाने. दहा गाणी दहा मित्रांच्या दहा खोल्यांत फुकट मिक्स करून मिळाली तरी घेऊ नयेत. आणि मास्टरिंगवाल्याला (शेवटचा हात फिरवून पातळी बसवणाऱ्याला) प्रत्येक गाणं उणे १४ला आणून दे असं सांगू नये. अल्बमचं सगळ्यात भरगच्च गाणं तिथे बसवा, हळू गाणं त्याच्या चार-सहा डेसिबल खालीच राहू द्या.

क्रम लावताना सूर बघा. काळी एकच्या गाण्यामागोमाग लगेच पांढरी एकमधलं गाणं आलं तर अर्ध्या सुराची ती घसरण पहिले काही क्षण बेसूर वाटते आणि दोष नव्या गाण्याला लागतो. तिथे काळी चारमधलं गाणं आणा, किंवा चार सेकंदांची शांतता ठेवा, किंवा पुढचं गाणं नुसत्या पखवाजाने उघडा. एकाच लयीची तीन गाणी लागोपाठ नकोत. जुन्या तबकडीवर बाजूच्या शेवटाला हळू गाणी ठेवत, कारण आतल्या खाचेत वरचे स्वर नीट उतरत नाहीत. ती अडचण आता राहिली नाही, पण वीस-बावीस मिनिटांनी एकदा श्वास घ्यायची सवय चांगली होती. दहा गाण्यांच्या अल्बमात पाचव्यानंतर तेवढा विसावा द्यावा. आणि दहाच ठेवावीत. चौदा तयार असतील तर मार्टिन यांचं ऐकावं आणि चार बाहेर काढावीत, भले ती बँडमधल्या रुसणाऱ्याची असोत.

राहिला प्रश्न अल्बमआधी सुटी गाणी सोडायची तर कुठली. बहुतेक बँड दोन टोकांची गाणी आधी सोडतात: एक सगळ्यात जोरकस आणि एक सगळ्यात वेगळं, ‘बघा आम्ही काय काय करतो’ हे दाखवायला. नंतर अख्खा अल्बम येतो तेव्हा श्रोत्याच्या डोक्यात दोन वेगळे बँड बसलेले असतात आणि उरलेली आठ गाणी त्यांच्यामध्ये लोंबकळतात. ज्या दोन गाण्यांत ड्रम आणि बास सगळ्यात उघडे आहेत ती आधी द्यावीत, त्यांची चाल सगळ्यात आकर्षक नसली तरी चालेल. त्यांचा आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, अल्बममध्येही तोच ठेवावा, म्हणजे आधी झालेली वाजणी वाया जात नाहीत. पखवाजाचं गाणं मात्र आधी बाहेर काढू नये. त्याची जागा सहाव्या-सातव्या क्रमांकाला आहे. तोवर हाय-हॅटवरचा तो हात ओळखीचा झालेला असतो, आणि पायाचा ड्रम गप्प झाला तरी वाजवणारा कोण आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.